पहिलं बाळंतपण माहेरी: सुरत-पुण्याहून खान्देशात येणाऱ्या लेकींसाठी

खान्देशात पहिलं बाळंतपण आजही बहुतेक घरांत माहेरीच होतं. सासर सुरतेत असो, पुण्यात असो की शेजारच्या पाचोऱ्यात, सातवा-आठवा महिना लागला की लेक आईकडे येते. रीत चांगली आहे. पहिलटकरणीला त्या दिवसांत आईचा हात लागतोच. पण एक अडचण तिच्यात आहे. ज्या डॉक्टरांनी सात महिने तपासलं ते तिकडेच राहतात, आणि ज्यांच्या हातून बाळंतपण व्हायचं त्यांनी तुम्हाला एकदाही पाहिलेलं नसतं. माझं सासर सुरतेजवळ उधन्याला, माहेर अमळनेर तालुक्यात. आमच्या गल्लीत ऐन वेळी झालेल्या धावपळी मी पाहिल्या आहेत, आणि त्यातल्या बऱ्याचशा याच एका कारणानं झाल्या. म्हणून कळांच्या आधी थोडं निघण्याच्या तयारीबद्दल सांगते.

निघण्याआधी

शेवटच्या पाळीच्या पहिल्या दिवसापासून २८० दिवस, म्हणजे नऊ महिने सात दिवस, ही बाळंतपणाची अंदाजे तारीख. सदतिसावा आठवडा पूर्ण झाला की बाळ कधीही येऊ शकतं, त्यामुळे चौतिसाव्या आठवड्याच्या आत माहेरी पोचलेलं बरं. डोहाळेजेवणाचा मुहूर्त लांबला म्हणून प्रवास नवव्या महिन्यावर ढकलू नका. सुरतेहून येत असाल तर एसटीपेक्षा रेल्वे सोयीची. नंदुरबार, दोंडाईचा, अमळनेर, धरणगाव, जळगाव ही सगळी स्टेशनं त्याच मार्गावर आहेत, गाडीत उठून चार पावलं चालता येतं आणि लघवी दाबून बसावं लागत नाही. बर्थ खालचाच घ्या. एप्रिल-मे असेल तर रात्रीची किंवा पहाटेची गाडी धरा. जळगाव-भुसावळचा पारा ४५ अंशांवर जातो, त्या उन्हात भर दुपारी स्टेशनवर उतरणं गरोदर बाईचं काम नव्हे.

निघताना तिथल्या डॉक्टरांना चार गोष्टी विचारून घ्या: बाळ डोक्याकडून आहे का, वार (प्लॅसेंटा) कुठे आहे, रक्तदाब कसा राहिला, आणि धोक्याचं काही आहे का. माता व बाल संरक्षण कार्ड, सगळ्या सोनोग्राफी, रक्तगट, हिमोग्लोबिन, साखर, एचआयव्ही आणि कावीळ बी यांचे रिपोर्ट एकाच फाईलमध्ये ठेवा. प्रत्येक कागदाचा फोटो आईच्या किंवा भावाच्या मोबाईलमध्येही असू द्या. रक्तगट निगेटिव्ह असेल तर ते फाईलच्या पहिल्याच पानावर मोठ्या अक्षरात लिहा. नवऱ्याचा गट पॉझिटिव्ह असेल तर अठ्ठाविसाव्या आठवड्याच्या सुमारास अँटी-डी इंजेक्शन देतात, आणि बाळाचा गटही पॉझिटिव्ह निघाला तर बाळंतपणानंतर ७२ तासांच्या आत पुन्हा द्यावं लागतं. नवीन दवाखान्याला हे आपोआप कळत नाही.

आल्या आल्या

पहिल्या आठवड्यातच गावच्या आशाताईंना भेटा. नोंदणी सुरतेची असली तरी कार्ड दाखवून इथे तपासणी होते, नव्यानं काही करावं लागत नाही. दर महिन्याच्या ९ तारखेला सरकारी दवाखान्यांत प्रधानमंत्री सुरक्षित मातृत्व अभियानाखाली गरोदर बायांची मोफत तपासणी होते. नवीन डॉक्टरांची पहिली भेट या दिवशी सहज जमते.

मग बाळंतपण कुठे करायचं ते ठरवा. "सगळ्या जातात तिकडे" हे कारण पुरेसं नाही. सगळं सुरळीत असेल तर जवळचं ग्रामीण किंवा उपजिल्हा रुग्णालय उत्तम. पण रक्तदाब वाढलेला, हिमोग्लोबिन सातच्या खाली, जुळी, बाळ आडवं, वार खाली, साखर, सिकलसेल (रक्ताचा आनुवंशिक आजार) यांतलं काही असेल तर आधीपासूनच जळगाव, धुळे किंवा नंदुरबारच्या वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात नाव लावा. दवाखाना खासगी असला तरी तीन प्रश्न विचारायलाच हवेत: रात्री-बेरात्री सिझरची आणि भूल देणाऱ्या डॉक्टरांची सोय आहे का? रक्त कुठून येतं? बाळाला काचेत ठेवावं लागलं तर ती सोय इथेच आहे की दुसरीकडे न्यावं लागतं? ज्या दवाखान्यात या प्रश्नांचा राग येतो, तिथे मी माझ्या बहिणीला पाठवणार नाही.

माहेर सातपुड्यात असेल, धडगाव-अक्कलकुव्याच्या पाड्यावर, तर हिशोब वेगळा आहे. पावसाळ्यात नाले भरतात, कितीतरी पाड्यांवरून बाईला बांबूच्या झोळीत घालून रस्त्यापर्यंत आणावं लागतं. तिथे कळा सुरू होण्याची वाट पाहणं परवडत नाही. तारखेच्या काही दिवस आधीच आरोग्य केंद्राजवळ मुक्काम हलवता यावा यासाठी आदिवासी भागात माहेरघर योजना आहे. आशाताईंना त्याबद्दल स्पष्ट विचारा. आणि सिकलसेलची तपासणी झाली नसेल तर करून घ्या. भिल्ल, पावरा समाजात हा आजार बराच आढळतो आणि बाळंतपणाच्या वेळी डॉक्टरांना तो आधी ठाऊक असणं फार महत्त्वाचं आहे.

पैशांबद्दलही बोलते, कारण घराघरांत त्याचीच चिंता असते. जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमाखाली सरकारी रुग्णालयात बाळंतपण, सिझर, औषधं, तपासण्या, रक्त आणि जाण्या-येण्याची गाडी हे सगळं मोफत आहे. जेवणही मिळतं, नॉर्मल असेल तर तीन दिवस आणि सिझर असेल तर सात दिवस. पहिल्या बाळासाठी प्रधानमंत्री मातृ वंदना योजनेचे ५,००० रुपये दोन हप्त्यांत मिळतात: ३,००० गरोदरपणात नोंदणी आणि तपासणी झाल्यावर, २,००० बाळाची जन्मनोंद आणि पहिल्या लसी झाल्यावर. खातं तुमच्या स्वतःच्या नावाचं आणि आधारला जोडलेलं लागतं. सासरचं आडनाव आधारवर आणि माहेरचं पासबुकावर, असं असेल तर ते आताच सारखं करून घ्या.

गाडी आणि पिशवी

गाडीसाठी १०२ आणि १०८ हे दोन्ही नंबर घरातल्या प्रत्येकाच्या फोनमध्ये हवेत. तरीही गावातल्या एका गाडीवाल्याला आधी सांगून ठेवा, रात्री दोन वाजता दार वाजवलं तर चालेल असा माणूस बघा. सोबत कोण येणार तेही ठरवा. लेबर रूममध्ये गरोदर बाईसोबत तिच्या ओळखीची एक बाई राहू शकते, असं केंद्र सरकारनं २०१६ सालीच सांगितलं आहे. ती बाई शांत स्वभावाची निवडा. आईचा जीव तुमच्या कळांनी कासावीस होत असेल तर काकू किंवा वहिनी बरी. "धीर धर माय, समदं व्हई जाई" असं म्हणत पाठ चोळणारी हवी. दारापाशी उभं राहून रडणारी नको.

पिशवीत फाईल, आधार, पासबुकाची झेरॉक्स, पुढून उघडणारे दोन गाऊन, पॅड, जुन्या सुती साडीचे धुऊन उन्हात वाळवलेले तुकडे, बाळाला झबली, टोपडी, दुपटी, लंगोट. पाण्याची बाटली, केळी, राजगिऱ्याचे लाडू. मोबाईलचा चार्जर विसरू नका.

कळा सुरू झाल्या की

शेवटच्या महिन्यात पोट मधूनमधून कडक होतं आणि सुटतं. हे सरावाचं आकुंचन. चाललं, कूस बदलली, पाणी प्यायलं की थांबतं आणि त्याला ताल नसतो. खऱ्या कळा कंबरेतून निघून पोटाकडे येतात. प्रत्येक कळेत पोट दगडासारखं होतं, मग पूर्ण सैल पडतं. दोन कळांमधलं अंतर हळूहळू घटत जातं, कळ लांबत जाते आणि फेऱ्या मारल्यानं ती थांबत नाही. अंतर मोजताना एका कळेच्या सुरुवातीपासून दुसऱ्या कळेच्या सुरुवातीपर्यंत मोजा. कागदावर वेळ लिहीत जा.

चिकट, रक्ताचे धागे असलेला स्राव दिसला तर घाबरू नका. गर्भपिशवीचं तोंड मऊ होऊ लागल्याची ती खूण आहे. त्यानंतर कळा काही तासांतही येतील, काही दिवसांनीही.

पहिल्या खेपेला हा सुरुवातीचा टप्पा फार लांबू शकतो, आणि नेमकं हेच पहिलटकरणीला कोणी सांगत नाही. रात्रभर कळा येऊनही सकाळी तपासल्यावर "अजून दोनच बोटं" असं ऐकावं लागतं आणि बाईचा धीर सुटतो. खरं तर काही बिघडलेलं नसतं. पिशवीचं तोंड चार-पाच सेंटिमीटर उघडेपर्यंत वेळ लागतोच, वेग पुढे येतो. हा काळ घरी काढता आला तर उत्तम. झोप येत असेल तर झोपा. पेज, वरण-भात, केळं, लिंबू सरबत थोडं थोडं घेत राहा. आपल्याकडच्या उन्हाळ्यात पाणी कमी पडलं तर अंगातली ताकदच जाते. दर दोन तासांनी लघवीला जा. कोमट पाण्यानं अंघोळ केली, कंबरेवर शेकलं तर बरं वाटतं. प्रत्येक कळेत श्वास लांब सोडायचा, खांदे आणि जबडा सैल ठेवायचा. हे ऐकायला किरकोळ वाटतं, पण मला सगळ्यात जास्त उपयोग त्याचाच झाला.

एरंडेल पिऊ नका. वाटीभर तूप प्यायल्यानं बाळ घसरत येत नाही, फक्त मळमळ होते. आणि कळा वाढवायचं इंजेक्शन घरी कोणाकडूनही, कितीही ओळखीचा असला तरी, घेऊ नका. ते दवाखान्यात बाळाचे ठोके ऐकत, सलाईनमधून थेंब मोजून द्यायचं औषध आहे. घरी दिलं तर गर्भपिशवी फाटू शकते, बाळाचा श्वास कोंडू शकतो. इथे मात्र आई-आजीचं ऐकू नका.

दर पाच मिनिटांनी एक, प्रत्येक कळ मिनिटभर आणि तासभर हाच क्रम राहिला की निघा. दवाखाना तासाभराहून लांब असेल तर दहा मिनिटांवर आल्या तरी निघा.

काही वेळा मोजत बसायचं नाही

पाणी गेलं तर कळा नसल्या तरी दवाखाना गाठा, पॅड लावा आणि पाण्याचा रंग लक्षात ठेवा. हिरवट असेल तर बाळानं आत शी केलेली असते, ते पोचताच सांगा. पाळीसारखं रक्त जाणं, बाळाची हालचाल कमी होणं, जोराची डोकेदुखी, डोळ्यांपुढे अंधारी, चेहऱ्यावर सूज, ताप, झटके: यांतल्या कशालाही सकाळपर्यंत थांबू नका. हालचालीबद्दल शंका असेल तर डाव्या कुशीवर पडून मोजा. दोन तासांत दहा हालचाली झाल्या नाहीत तर गाडी बोलवा. "शेवटी बाळ कमी हलतं" हे गावात सगळे सांगतात, आणि ते चूक आहे. जागा कमी झाल्यानं हालचालीची तऱ्हा बदलते, पण बाळ हलायचं थांबत नाही.

लेबर रूममध्ये

पोचल्यावर रक्तदाब, नाडी, बाळाचे ठोके आणि आतून तपासणी होते. आतली तपासणी नकोशी वाटते. तेव्हा अंग आवळलं तर जास्त दुखतं, म्हणून सिस्टरना सांगा, "कळ जाऊ द्या, मग तपासा." असं सांगण्यात काही उद्धटपणा नाही. किती उघडलं, ठोके कसे आहेत, हे दर वेळी विचारा. कोणी इंजेक्शन भरत असेल तर कशाचं ते विचारा.

परवानगी असेल तोवर पलंगावर उताणं पडून राहू नका. चाला, भिंतीला टेकून उभं राहा, डाव्या कुशीवर व्हा. उताणं झोपल्यानं मोठ्या रक्तवाहिनीवर भार येतो आणि बाळाकडे जाणारं रक्त कमी होऊ शकतं. आवाज निघाला तर निघू द्या. ओरडणाऱ्या बाईला गप्प करण्याची आपल्याकडे सवय आहे, ती मला मुळीच पटत नाही. कळा सोसणाऱ्या बाईवर कोणी खेकसू नये, हात उगारू नये. तसं झालं तर सोबतच्या बाईनं तिथेच शांतपणे पण ठामपणे बोलावं.

तोंड सात-आठ सेंटिमीटर उघडलं की सगळ्यात कठीण वेळ येतो. अंग थरथरतं, उलटी होते, "मला नाही जमणार, घरी न्या" असं वाटतं. असं वाटू लागलं की बहुतेक वेळा शेवट जवळ आलेला असतो. सोबतच्या बाईला हे आधीच सांगून ठेवा, म्हणजे ती त्या क्षणी डगमगणार नाही.

दहा सेंटिमीटर पूर्ण उघडल्यावर जोर लावायचा. त्याआधी लावलेला जोर वाया जातो आणि तोंडाला सूज येते. शौचाला लागल्यासारखी आतूनच भावना येते, तिच्यामागे जा. हनुवटी छातीकडे, जोर खाली, गळ्यात नको. कळ गेली की पूर्ण सैल पडा, पाण्याचा घोट घ्या. पहिल्या बाळाला हा टप्पा दोन-तीन तासही घेऊ शकतो. शौच झाली तर लाजू नका, तिथल्या सगळ्यांना त्याची सवय असते. डोकं बाहेर येताना जळजळ होते, तेव्हा सिस्टर जोर थांबवायला सांगतात. त्या वेळी तोंडानं हा-हा करत श्वास सोडा, म्हणजे फाटणं कमी होतं. पोटावरून दाबून बाळ ढकलायला कोणी आलं तर नको म्हणा. जागतिक आरोग्य संघटनेनंही ती पद्धत वापरू नये असंच सांगितलं आहे.

बाळ आल्यावर तुम्हाला एक इंजेक्शन देतात, त्यानं रक्तस्राव आटोक्यात राहतो. वार साधारण अर्ध्या तासाच्या आत पडते. टाके असतील तर भूल देऊनच घालायला सांगा.

सिझर सांगितलं तर कारण विचारा आणि वेळ घालवू नका. बाळाचे ठोके उतरले, बाळ आडवं असलं, वार तोंडाशी असली, कळा असूनही तोंड उघडत नसलं, तर सिझरनंच दोघं वाचतात. सही करताना जळगावच्या मामांना आणि सुरतेच्या सासऱ्यांना फोन लावत बसू नये, म्हणून नवऱ्याशी हे आधीच बोलून ठेवा. आणि सिझर झालेल्या बाईला "नॉर्मल नाही झालं का?" असं विचारणाऱ्यांना घरातल्यांनीच थांबवावं.

पहिला तास आणि पुढचा सव्वा महिना

बाळ ठीक असेल तर पुसून लगेच तुमच्या उघड्या छातीवर ठेवायला सांगा आणि पहिल्या तासात पाजा. पिवळसर चीक पिळून टाकायचा नाही, बाळाच्या रोगप्रतिकारशक्तीची ती सुरुवात आहे. मध, गूळपाणी, गुटी, साधं पाणी, काहीही नको, मे महिन्यातसुद्धा. सहा महिने फक्त अंगावरचं दूध, त्यातच पाणी असतं. पहिले दोन-तीन दिवस दूध थेंबानंच येतं. बाळाचं पोटही तेवढंच असतं. "हिला दूधच नाही" असं कोणी म्हणालं तर डब्याकडे वळू नका, दिवस-रात्र मिळून आठ ते बारा वेळा बाळाला अंगावर घ्या. सिझर झालेल्या आईलाही कुशीवर पडून पाजता येतं. दवाखाना सोडण्याआधी बीसीजी, पोलिओचे थेंब आणि कावीळ बीची लस झाली का ते कार्डावर बघा. कावीळ बीची लस २४ तासांच्या आत द्यायची असते.

घरी आल्यावर बाळंतिणीच्या खोलीतली शेगडी हा वादाचा विषय होतो. बंद खोलीत कोळशाचा किंवा गोवऱ्यांचा धूर आई-बाळ दोघांनाही घातक आहे. शेकायचं असेल तर गरम पाण्याची पिशवी घ्या आणि खिडकी उघडी ठेवा. उन्हाळ्यात बाळाला तीन दुपट्यांत गुंडाळू नका. नाळेला तेल, हळद, राख काही लावू नका, ती कोरडी राहिली की आपोआप पडते. काजळ घालू नका. आईच्या जेवणात मात्र आपली रीत मला आवडते: बाजरीची भाकरी, शेपू, मेथी, डिंकाचे लाडू, अळिवाची खीर, बाळंतशोपा. फक्त त्यासोबत वरण, भाज्या, फळं, अंडी बंद करू नका. लोहाच्या आणि कॅल्शियमच्या गोळ्या पुढे सहा महिने चालू ठेवा.

तासाभरात पूर्ण पॅड भिजलं, मोठ्या गाठी पडल्या, ताप आला, घाण वास येऊ लागला किंवा पायाची पोटरी एका बाजूनं सुजून दुखू लागली तर पाचवीची पूजा असो की पाहुणे, दवाखान्यात जा. बाळ दूध सोडू लागलं, गार पडलं, श्वास भरभर घेऊ लागलं, तळपाय पिवळे दिसले तरी तसंच. आशाताई तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी घरी येतात. त्यांच्यासमोर बाळाचं वजन करून घ्या आणि मनातलंही बोला. पहिल्या आठवड्यात उगाच रडू येणं पुष्कळ जणींना होतं. दोन आठवड्यांनंतरही झोप नाही, बाळाजवळ जावंसं वाटत नाही, जीव नकोसा वाटतो असं असेल तर तो आजार आहे आणि त्याला औषध आहे. टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य मदतवाहिनीच्या १४४१६ या मोफत नंबरवर मराठीतही बोलता येतं.

जन्माची नोंद २१ दिवसांच्या आत करा. बाळ जिथे जन्मलं तिथेच ती होते, सासरी परतल्यावर नाही. बारसं बाकी असेल तर नावाशिवायही नोंद होते आणि वर्षभरात नाव विनाशुल्क घालता येतं. सहा आठवड्यांनी तुमची तपासणी आणि बाळाची दीड महिन्याची लस एकाच फेरीत उरका. मग परतीचं तिकीट काढा, आणि लसीकरणाचं कार्ड सामानात न टाकता हातातल्या पर्समध्ये ठेवा.